आयुक्तांची सही उद्घाटनापुरतीच का?

२ जून २०२३. संध्याकाळी सातच्या सुमारास ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेस शिरली तेव्हा तिच्या लोको पायलटसमोर हिरवा सिग्नल होता. सरळ मेन लाइनने जा, असं तो सिग्नल सांगत होता. गाडीचा वेग ताशी १२८ किलोमीटर होता आणि तो मर्यादेतच होता. पण गाडीचा मार्ग बदलणारे पॉइंट बाजूच्या लूप लाइनकडे लागलेले होते आणि लूपवर लोहखनिजानं भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल तिच्यावर आदळली. तिचे डबे शेजारच्या रुळांवर फेकले गेले आणि तिथून निघालेल्या बेंगळुरू-हावडा गाडीच्या मागच्या डब्यांना लागले. जवळजवळ तीनशे माणसं गेली.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून सिनिअर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. सिकंदराबादच्या इरिसेट या रेल्वेच्या सिग्नल संस्थेत प्रशिक्षणाला गेलं की पहिल्यांदा एकच तत्त्व डोक्यात पक्कं केलं जायचं : काहीही बिघडलं, तरी सिग्नल लालच झाला पाहिजे. वायर तुटली, फ्यूज गेला, रिले पडला, तर लाल. गाड्या खोळंबतील, प्रवासी वैतागतील, कंट्रोलचे फोन सुरू होतील, पण कुणाचा जीव जाणार नाही. सगळी यंत्रणा या तत्त्वावर उभी आहे. म्हणून पॉइंट एकीकडे आणि हिरवा सिग्नल दुसरीकडे, यापेक्षा भयंकर गोष्ट सिग्नलवाल्याला माहीत नाही. जुनाट यंत्र आपणहून असं वागत नाही. तिथे माणसाचा हात फिरलेला असतो. चुकीच्या टर्मिनलवर गेलेली वायर असते आणि तिच्यानंतर न झालेली, किंवा कागदावरच झालेली चाचणी असते.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत तेच निघालं. स्टेशनाच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत, म्हणजे सिग्नलच्या वायरी जिथे जोडलेल्या असतात त्या रुळांजवळच्या छोट्या खोलीत, पूर्वी कधीतरी सर्किटमध्ये बदल केला गेला होता, तो सदोष होता. अपघाताच्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकावर विजेवर चालणारा नवा अडथळा बसवण्याचं काम चाललं होतं. त्यासाठी त्याच गुमटीतल्या वायरी हलवल्या गेल्या आणि जुनी चूक नव्या कामात मिसळली. घरच्या मीटरबोर्डावर कुणी वायरी बदलून वरच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या, तर पुढचा वायरमन चिठ्ठी वाचून भलत्याच खोलीची लाइन काढणार. इथे त्या चिठ्ठीवर विसंबून एक्स्प्रेस गाडी धावत होती.

सीबीआयनं रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. त्यांचा दोष किती, ते न्यायालय ठरवील. माझा प्रश्न त्यांच्या वरचा आहे.

हा अपघात व्हायच्या आधी रेल्वेला दोनदा इशारा मिळालेला होता. १६ मे २०२२ रोजी त्याच खरगपूर विभागात, बांकडा नयाबाज स्टेशनात चुकीच्या वायरिंगमुळे आणि केबलच्या दोषामुळे असाच प्रकार घडला होता. त्या वेळी दुरुस्तीचे उपाय केले असते तर बहानगा बाजारचा अपघात झालाच नसता, असं आयुक्तांनी स्वच्छ लिहिलं आहे. दुसरा इशारा ८ फेब्रुवारी २०२३ चा, कर्नाटकातल्या होसदुर्ग रोड स्टेशनातला. संपर्क क्रांती एक्स्प्रेस सिग्नल घेऊन निघाली आणि मार्ग भलतीकडेच लागला. लोको पायलटनं वेळीच गाडी थांबवली म्हणून समोरासमोरची टक्कर टळली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून यंत्रणेत गंभीर दोष असल्याचं कळवलं. चार महिन्यांच्या आत कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर गेली.

माहिती होती, कागद होता, तारीख होती. नव्हता तो रेल्वेच्या बाहेरचा असा एक माणूस, जो म्हणू शकला असता : देशभरातल्या गुमट्या आणि लोकेशन बॉक्स अमुक दिवसांत तपासा, तोवर ज्या स्टेशनात तपासणी झालेली नाही, तिथे गाड्या सावकाश सोडा. आणि ज्याचं ऐकणं रेल्वेला भाग पडलं असतं.

आपल्याकडे असा माणूस नाहीच, असं नाही. रेल्वे सुरक्षा आयोग आहे. त्याचे मुख्य आयुक्त लखनौला बसतात आणि देशभरात सर्कलवार आयुक्त आहेत. हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली आहे. हे मुद्दाम केलेलं आहे. गाड्या चालवणारे आणि गाड्या तपासणारे एकाच साहेबाला उत्तर देत असतील तर तपासणी खरी होत नाही, हे ब्रिटिश सरकारलाही पटलं होतं. म्हणून १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून तोडून टपाल आणि हवाई खात्याकडे दिलं गेलं. ‘रेल्वे सुरक्षा आयोग’ हे नाव १९६१ मध्ये मिळालं. विचार उत्तम होता. पण तो अर्ध्यावर थांबला.

मुंबईच्या किंवा पुण्याच्या मेट्रोचा नवा टप्पा तयार होतो तेव्हा वर्तमानपत्रात हमखास बातमी येते : सगळं तयार आहे, आता फक्त आयुक्तांचं प्रमाणपत्र यायचं आहे. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, ट्रॉलीवरून मार्ग बघतात, ब्रेक लावून पाहतात, सिग्नल तपासतात, उणिवा लिहून देतात. त्या भरून काढल्याशिवाय एकही प्रवासी बसत नाही. मंत्र्यांनी उद्घाटनाची तारीख ठरवलेली असो वा नसो, सगळे आयुक्तांची वाट बघतात. रेल्वेच्या नव्या मार्गालाही हाच नियम आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यानं आयुक्तांना ही ताकद दिली आहे आणि ती खरोखर वापरली जाते.

पण गाड्या सुरू झाल्या की याच आयुक्तांचं वजन उतरतं. चालू मार्ग धोकादायक आहे असं त्यांना वाटलं, तर त्यांनी केंद्र सरकारला अहवाल पाठवायचा; पुढे काय करायचं ते सरकार ठरवणार. गंभीर अपघात झाला तर ते चौकशी करतात आणि शिफारशी देतात. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. आणि बाकीच्या असंख्य अपघातांची चौकशी रेल्वेचेच अधिकारी करतात. म्हणजे कोऱ्या रुळांवर पहिली गाडी जाण्याआधी बाहेरच्या माणसाची सही लागते. त्याच रुळांवर पुढची चाळीस वर्षं कितीही वायरी बदलल्या, कितीही सर्किटं हलवली, तरी रोजच्या कामावर बाहेरची नजर पडेलच असं नाही. सिग्नलचं आयुष्य तर दुरुस्त्यांचंच असतं. उद्घाटनाच्या दिवशी जे वायरिंग असतं ते दहा वर्षांनी तसंच राहिलेलं स्टेशन मी पाहिलेलं नाही.

ही दुरुस्ती कशी होते, ते सांगतो. नियम चोख आहे. काम सुरू करण्याआधी सिग्नलवाल्यानं स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यायचा. म्हणजे हा सिग्नल, हा पॉइंट आता माझ्या ताब्यात, यावर गाडी घेऊ नका. काम संपलं, चाचणी झाली, की रिकनेक्शनचा मेमो. रिले रूमच्या दाराला दोन कुलुपं; एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी आमच्याकडे. एकट्याला आत जाता येऊ नये, हा हेतू. मंजूर सर्किट डायग्रामशिवाय वायरीला हात लावायचा नाही आणि बदल केला तर डायग्राम त्याच दिवशी दुरुस्त करायचा.

आता प्रत्यक्ष बघा. ब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवण्याचा वेळ, मागितला तर तो चार वेळा पुढे ढकलला जातो. शेवटी मिळतो तो दोन तासांऐवजी चाळीस मिनिटांचा. काम अर्धं झालेलं असतं आणि फोन खणखणायला लागतो : “काय साहेब, सिग्नल कधी देताय? दोन मेल उभ्या आहेत.” गाडी किती मिनिटं खोळंबली याचा हिशेब रोज सकाळी वर जातो आणि ती मिनिटं कुठल्या खात्याच्या नावावर टाकायची यावर भांडण होतं. चाचणी पूर्ण झाली की नाही, याचा हिशेब त्या बैठकीत कुणी मागत नाही. अशा वातावरणात मेमो न देताच काम उरकण्याचा मोह होतो. गाड्यांच्या मधल्या फटीत वायर काढायची, लावायची, मोकळं व्हायचं. हे करणारी माणसं बेफिकीर असतात असं नाही. बहुतेकदा ती दमलेली असतात. एका मेंटेनरकडे दोघांचं काम असतं आणि रात्रीचा फेल्युअर निस्तरून तो सकाळी पुन्हा ड्यूटीवर आलेला असतो.

माझ्या नोकरीत एका स्टेशनात मला लोकेशन बॉक्समधलं वायरिंग आणि डायग्राम यांचा मेळ बसेना. टर्मिनलवरची अक्षरं एक सांगत होती, केबल दुसरंच. मी लेखी कळवलं, संपूर्ण केबल टेस्टिंगसाठी ब्लॉक मागितला. बराच काळ उत्तर नाही. मग तोंडी निरोप आला की गाड्या चालताहेत ना, मग सीझन संपू द्या. मी पुन्हा लिहिलं. शेवटी तपासणी झाली आणि डायग्राम दुरुस्त झाला, कारण नवे आलेले वरिष्ठ स्वतः सिग्नलच्या कामात मुरलेले होते. ते आले नसते तर? एका भल्या अधिकाऱ्याच्या बदलीवर सुरक्षितता अवलंबून असू नये. त्या काळात मला एखादं असं दार हवं होतं, जिथे माझा कागद गेला असता आणि पंधरा दिवसांत कुणीतरी तपासायला आलं असतं. ते दार तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

हे सगळं आपल्याच एका माणसानं फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये रेल्वेनं डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समिती नेमली. फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. समितीचं मूळ निदान असं होतं : नियम करणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले जातात की नाही हे बघणं, ही तिन्ही कामं रेल्वे बोर्डाकडेच एकवटली आहेत. त्यावर उपाय म्हणून रेल्वेपासून वेगळं, कायद्यानं अधिकार दिलेलं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण उभारा, असं समितीनं सुचवलं. मुख्य मार्गांवरच्या १९ हजार किलोमीटरवर आधुनिक सिग्नल यंत्रणा बसवायलाही सांगितलं. अणुऊर्जेत हयात घालवलेला माणूस हे सांगत होता, याला अर्थ आहे. अणुभट्टी चालवणारा वेगळा आणि तिच्यावर नजर ठेवणारं मंडळ वेगळं, ही शिस्त त्या क्षेत्रात नेहमीचीच आहे.

पैशांच्या शिफारशींवर पुढे थोडंफार काम झालं. २०१७ मध्ये एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. पण ‘कॅग’नं २०२२ च्या अहवालात दाखवून दिलं की या कोषातला पैसा भांडीकुंडी आणि पाय चेपायच्या यंत्रांसारख्या गोष्टींवरही खर्च झाला. खर्च करणारा आणि खर्च योग्य झाला म्हणणारा एकच असला की असं होतं. स्वतंत्र प्राधिकरण मात्र आलं नाही.

गाडी चालवणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तरी हाच धडा मिळतो. १७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ मालगाडीनं कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली. दहा जणांचा बळी गेला. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाकडून सांगण्यात आलं की मालगाडीच्या चालकानं सिग्नल मोडला. तो चालक अपघातात मरण पावला होता, बाजू मांडायला उरला नव्हता. नंतर आयुक्तांची चौकशी झाली तेव्हा चित्र पालटलं. पहाटेपासून त्या भागातले स्वयंचलित सिग्नल बंद पडलेले होते. लाल सिग्नल ओलांडण्याचा जो कागद चालकांना दिला गेला तो त्या परिस्थितीला लागू असलेला नव्हता आणि त्यावर वेगमर्यादाही लिहिलेली नव्हती. त्या सकाळी तोच कागद घेऊन गेलेल्या गाड्यांपैकी प्रत्येक लाल सिग्नलला थांबून सावकाश जाण्याचा नियम पाळला तो फक्त कांचनजंगा एक्स्प्रेसच्या चालकानं. म्हणजे बाकीच्या चालकांनाही त्या कागदाचा अर्थ नीट ठाऊक नव्हता. एकजण चुकला तर तो त्याचा दोष म्हणता येईल. एका सकाळी बहुतेक सगळेच चुकत असतील तर दोष शिकवणाऱ्यांचा आणि कागद देणाऱ्यांचा आहे. हा अपघात होणारच होता, अशा अर्थाचं आयुक्तांनी लिहिलं. बाहेरचा माणूस आला म्हणूनच हे निघालं.

ब्रिटनमध्ये १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ असाच अपघात झाला होता. सिग्नलचं वायरिंग बदलताना जुनी वायर कापून बाजूला न करता तशीच सोडली गेली. पुढे शेजारच्या कामात ती हलली, टर्मिनलला टेकली आणि लाल व्हायला हवा होता तो सिग्नल लाल झालाच नाही. ३५ माणसं गेली. ज्येष्ठ वकील अँथनी हिडन यांनी उघड सुनावणी घेतली. वायर सोडणारा तंत्रज्ञ तेरा आठवड्यांत जेमतेम एक दिवस सुटीवर गेला होता आणि त्याचं काम दुसऱ्या कुणी तपासलंच नव्हतं, हे त्या चौकशीनं पुढे आणलं. ९३ शिफारशींचा अहवाल सगळ्यांना वाचायला मिळाला. सिग्नल कामगारांच्या तासांवर मर्यादा आली, स्वतंत्र चाचणी सक्तीची झाली आणि ब्रिटिश रेलला न्यायालयानं दंड केला. पुढच्या काही अपघातांनंतर तिथे रेल्वे अपघातांचा तपास करणारी स्वतंत्र शाखा २००५ मध्ये कामाला लागली. ती आपले अहवाल जनतेपुढे ठेवते.

आपल्याकडे बहानगा बाजारचा पूर्ण अहवाल रेल्वेनं प्रसिद्ध केला नाही. सीबीआयच्या तपासावर परिणाम होईल, हे कारण दिलं गेलं. देशाला जे कळलं त्यातलं बरंच राज्यसभेतल्या लेखी उत्तरातून. उलट जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळलं तेव्हा विमान अपघात अन्वेषण ब्युरोचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात कुणालाही वाचता येत होता. हा ब्युरो आणि रेल्वे सुरक्षा आयोग एकाच मंत्रालयाच्या छताखाली आहेत. विमानाच्या प्रवाशाला जे कळतं, ते जनरलच्या डब्यातल्या प्रवाशाच्या घरच्यांना का कळू नये?

यावर काहीजण म्हणतील, आता ‘कवच’ येतं आहे, मग माणसांवर विसंबायची गरजच काय? कवच हवंच. लाल सिग्नल ओलांडणारी गाडी ते आपोआप थांबवतं. मुंबईच्या लोकलना अशाच हेतूनं बसवलेल्या ऑक्झिलिअरी वॉर्निंग सिस्टिमनं किती काळ साथ दिली, हे मोटरमन सांगतील. पण सिग्नल आणि मार्ग यांची माहिती कवच स्टेशनातल्या इंटरलॉकिंगकडूनच, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल यांचा मेळ राखणाऱ्या यंत्रणेकडूनच घेतं. गुमटीतल्या चुकलेल्या वायरीनं इंटरलॉकिंगलाच खोटं सांगितलं तर तेच खोटं कवचपर्यंत पोहोचतं. शिवाय कवचलाही वायरी आहेत, दुरुस्त्या आहेत, मेंटेनर आहेत. यंत्र जितकं वाढेल तितकी तपासणाऱ्याची गरज वाढेल.

आणखी एक सरकारी कार्यालय कशाला, असाही आक्षेप येईल. नवं कार्यालय काढायची गरज नाही. आयोग आहेच, जाणकार माणसं आहेत. त्यांना चार गोष्टी द्या. पहिली, कायद्यानं स्वतंत्र प्राधिकरणाचा दर्जा आणि स्वतःची कायम माणसं. आज आयुक्त रेल्वेच्या अधिकाऱ्यांतूनच येतात. दुसरी, चालू मार्गांवरचं सिग्नलचं काम न सांगता येऊन तपासण्याचा, थांबवण्याचा आणि धोका दिसला तर वेगमर्यादा लावण्याचा अधिकार. तिसरी, प्रत्येक अहवाल ठरलेल्या मुदतीत जनतेसमोर आणि प्रत्येक शिफारशीचं काय झालं त्याचा तक्ता दर अधिवेशनात संसदेसमोर. चौथी, थोडक्यात टळलेला अपघात किंवा सदोष वायरिंग कळवणाऱ्या मेंटेनरला, स्टेशन मास्तरला, लोको पायलटला संरक्षण. आणि या सगळ्यांच्या ड्यूटीच्या तासांवर याच प्राधिकरणाची नजर.

बहानगा बाजारनंतर काही दिवसांतच रेल्वेनं देशभरातल्या स्टेशन हद्दीतल्या गुमट्यांना दुहेरी कुलपं लावायचे आदेश काढले. म्हणजे करायचं मनात आलं की होतं. मग १६ मे २०२२ नंतर ते का झालं नाही, हे विचारण्याचा अधिकार असलेलं कुणीतरी रेल्वेच्या बाहेर असायला हवं.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. दर अधिवेशनात ते आपल्या गावाला थांबा मागतात, नवी गाडी मागतात; तो त्यांचा हक्क आहे आणि आमची गरजही. त्यांच्यापैकी एकानं तरी येत्या अधिवेशनात काकोडकर समितीच्या स्वतंत्र प्राधिकरणाच्या शिफारशीचं काय झालं, असा तारांकित प्रश्न टाकावा आणि ठोस तारीख मिळेपर्यंत तो पुन्हा पुन्हा विचारत राहावा. नवा मार्ग उघडताना आयुक्तांचा शब्द मोडायची कुणाची हिंमत होत नाही. तोच शब्द चालू गाड्यांनाही बंधनकारक करणं संसदेच्या हातात आहे आणि त्यासाठी पुढच्या अपघाताची वाट बघण्याचं काहीही कारण नाही.